बरणी क्रमांक सत्तेचाळीस

वसमतच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत
खिडकीपाशी एक बरणी आहे.
तिचं लेबल झुरळांनी खाल्लं,
राहिला फक्त आकडा, त्याचीही शाई फुटलेली.
मंगळवारी तपासणीची कमिटी यायची होती.
प्राचार्य म्हणाले, प्रत्येक वस्तूला नाव पाहिजे.

मी तासिका तत्त्वावर.
वेळापत्रकात माझं नाव पेन्सिलीनं लिहितात.

आत तो. वीतभर.
रंग धुऊन गेलेला, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा.
समुद्र इथून एक अख्खी रात्र लांब.
कोणत्या सहलीतून, कोणत्या साली आला,
स्टॉक रजिस्टरलाही ठाऊक नाही.

उकंडा खिल्लारे बरण्या पुसत होता.
काय म्हणायचं सर ह्याला?

म्हटलं, पुस्तकात म्हणतात
खंडोबाच्या घोड्यासारखी कोळंबी.
पण हा खंडोबाचा घोडा नाही,
आणि खरं तर कोळंबीही नाही.
फार जुन्या लोकांनी समुद्रातला टोळ म्हटलं.
तो टोळही नाही.
जाळ्यातून सोडवताना ज्यांची बोटं चिरली
त्यांनी नाव ठेवलं, अंगठाफाड्या.

उकंडानं स्वतःचा अंगठा पाहिला.
तीस वर्षं फॉर्मालिननं चाटलेला, गुळगुळीत.
हजेरीचं नवं यंत्र रोज सकाळी
त्याला ओळखत नाही.
दहादा टेकवतो,
मग क्लार्क हसत वहीत लिहितो.

अन् करतो काय हा?

मी सांगत गेलो, तास नव्हता तरी.
मूठ दुमडून ठेवतो, खिट्टी लावल्यासारखी.
खिट्टी निघाली
की आपली पापणी अर्धी मिटायच्या आत
शिंपल्याचा चुरा.
मुठीमागं पाणी फाटतं,
फाटल्या जागी बुडबुडा होतो,
बुडबुडा मिटताना एवढा तापतो
की पाण्याच्या पोटात कणभर उजेड पडतो.
नेम चुकला तरी बुडबुडा मारतोच.
कुणी हौसेनं पाळला, तर टाकीची काच फोडतो.

फडकं बरणीवरच थांबलं.
मग ह्याला ठिवलंय कशात?

काचेत, म्हटलं.

खाली मैदानात कुणीतरी क्रिकेटचा चेंडू हरवला होता.

डोळे तर विचारू नका.
एक वर बघतो, एक खाली, एकाच वेळी.
आपल्या डोळ्यात रंगाच्या तीन चाळण्या,
ह्याच्या काही भाऊबंदांत सोळापर्यंत.
आणि गंमत अशी,
की दोन जवळच्या रंगांतला फरक
त्याला आपल्याइतकाही कळत नाही.
तो ताडून बघत बसत नाही.
ओळखतो आणि पुढं जातो.

दुपारी कौतिका डबा घेऊन आली.
ती मोंढ्यात हळद निवडते.
नखांत, कानाच्या पाळीवर, डब्याच्या झाकणावर पिवळं.
तिला किती पिवळे कळतात, मी एकदा मोजलं होतं:
अकरा.
नावं सहाचीच. उरलेल्या पाचांना ती
‘हे’ आणि ‘हे न्हाई’ म्हणते.

बरणी तिनं उन्हात धरली. फिरवली.
हे न्हाई, म्हणाली.
मग जरा वेळानं, डोळे बगा ह्याचे,
मोजायलाय अजून.

उकंडा भाकरी मोडत बोलला,
माझ्या आधी तिघं गेली सर.
मला उकिरड्यावर ठिवून उचललं, अन् हे नाव.
नाव वंगाळ असलं की मरण वळून बघत न्हाई.
ह्याला कुणी एखादं तसलं
आणि वाक्य तिथंच टाकून
तो हात धुवायला गेला.

मी लॅटिन नाव लिहिलं, तिरप्या अक्षरात.
खाली, प्राप्तिस्थान: अज्ञात.

मंगळवारी कमिटी आली. चहा झाला.
पाच जण बरणीपुढून सात सेकंदांत गेले.

लेबलची एक बाजू बाहेर असते, एक आत,
डिंकानं काचेला चिकटलेली,
जी बरणीच्या आतूनच वाचता येते.
तिथं, चिकटवण्याआधी,
उकंडानं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

मी पाहिलं लिहिताना.
काय, ते विचारलं नाही.