करंगळी

गिबी हॅल्क्रोने राजा-राणीसाठी एकही धून बांधली नाही.
बांधली ती आटलेल्या गाईवर,
लर्विकच्या धक्क्यावर उधारीने घेतलेल्या बुटांवर,
आणि बायको तीन दिवस बोलली नाही, त्या अबोल्यावर.
नोटेशन त्याला येत नव्हतं.
हेरिंगच्या पिंपांचा हिशेब असायचा त्या वहीत
तो धुनेचं नाव लिहायचा, पुढे एक रेघ:
चढली तर वर, कलली तर खाली.
बाकीचं हातात.

त्याच डाव्या हाताची करंगळी
जाळं ओढणाऱ्या चक्रात गेली, एका सप्टेंबरात.
बोटीवरच्या पोराने घाबरून विचारलं, बोट कुठंय?
म्हणाला, दिलं समुद्राला. शिकू दे त्यालाही.
(आई हे सांगायची तेव्हा हसायची नाही.)

हिवाळाभर फिडल खिळ्याला.
पीटच्या धुराने तारा काजळल्या, घोडी कलली.
मग लग्न निघालं जेसी मोऊटचं, येल बेटावर,
लोकर साठवायच्या कोठारात.
त्याने गजाला राळ लावली
आणि 'अबोला' सुरू केली.
सगळ्यांना ठाऊक, तिसऱ्या ओळीत
धून कड्यावर चढते,
तिथला सगळ्यात वरचा सूर करंगळीचा.
नाचणाऱ्यांचे पाय आधीच अडखळले.
ती जागा आली.
गिबीने गज उचलला
आणि बुटाची टाच फळ्यांवर आपटली,
धप्,
आणि पुढचा सूर असा घेतला
जणू मागे काही राहिलंच नाही.

आता ग्लासगोच्या हॉलमध्ये
चाळीस जण मिळून वाजवतात ती.
चाळीस धडधाकट करंगळ्या हवेत थबकतात,
चाळीस टाचा पडतात.
पत्रिकेत छापलेलं असतं: बेटांची खास लय.
मीही तीस वर्षं हेच शिकवलं,
इथे बोट नाही, पाय.

गेल्या मंगळवारी, संध्याकाळच्या वर्गात,
जूनमधली ती रात्र न होणारी संध्याकाळ,
नऊ वर्षांची इंगा थाप विसरली.
करंगळी सरळ तारेवर टेकवली.
सूर निघाला. किनरा, थोडा उतरलेला.
पोरं फिसकन हसली.
ती गज तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

आईने तो सूर ऐकला होता.
मी कधीच नाही.

म्हटलं, पाय नको.
पुन्हा वाजव.