एक जुलै

माझं वय बहात्तर, असं कागद म्हणतो.
कागदाला ते नाकाडे मास्तरांनी सांगितलं.
उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहिला,
पुरला,
आणि लिहून टाकलं : एक जुलै.
आमच्या टोलीवर अर्धं गाव एक जुलैला जन्मलंय.
कुणी खरं तर दोन वर्षं आधी, कुणी दोन वर्षं नंतर,
पण मान त्या तारखेप्रमाणेच मिळतो,
चोख.

परवा दयाराम कापगतेची तेरवी होती.
मांडवात शिरलो, तर लाल खुर्चीवरून कुणी उठलं,
दुपट्ट्यानं खुर्ची पुसली, म्हणालं,
"बसा, बावाजी."
बसलो.
खुर्ची मिळाली की बसायचं,
एवढं मी या वयात शिकलोय.

बत्तीस वर्षं डाक वाटली मी.
दुसऱ्यांची दुःखं बंद पाकिटात नेली,
दारात ठेवली, घंटी मारली, सायकल वळवली.
माझ्या घरी मरण आलं तेही म्हाताऱ्यांचंच,
ओळीनं,
रेशनच्या रांगेत उभं राहून आल्यासारखं.

उठलेला तो हंसराज वलथरे होता.
वय एकोणीस. त्याचं मात्र खरं, दवाखान्यात जन्मला.
दयारामला तलावातून यानंच काढलं.
पोलीस पाटील काठावर, सरपंच काठावर,
वयाच्या मानानं आम्ही सगळेच काठावर.
मी तर सल्लाही दिला होता, तुडुमाच्या बाजूनं पाहा म्हणून.
कमळाच्या देठांतून तो खाली गेला,
तीनदा रिकामा वर आला.
चौथ्यांदा रिकामा नव्हता.
त्याच्या आधी कवडूची सून.
आणि त्याच्याही आधी, चौदाचा असताना,
स्वतःचा बाप.

"म्हाताऱ्या मानसाईले पयले बसवा रे!"
वाढपी ओरडला, पत्रावळी पडल्या.
माझ्या उजवीकडे सोमाजी, ऐंशीचा,
जन्मभर बायकोला मारलं यानं.
पहिली बुंदी त्याच्या पानात.
डावीकडे झिंगरू. त्याला पोराचं नाव आठवत नाही,
भात कुठला नि वरण कुठलं, नातू बोट धरून दाखवतो.
झिंगरूला मिळालेला मान मला खुपला नाही.
इतकी वर्षं नुसतं टिकून राहणं,
तेही काही सोपं नसतं.
सोमाजीही टिकलाच आहे म्हणा.
इथं माझा हिशेब अडतो.

हंसराज वांग्याच्या भाजीची बादली घेऊन आला,
माझ्यापुढे वाकला.
मी हळूच म्हणालो,
"तू बस इथं, लेका. पयला मान तुया.
वयानं काय होते? तुनं पाह्यलं तेवढं
आमी कोनीच नाई पाह्यलं."
म्हणून झाल्यावर वाटलं, मोठंच काहीतरी बोललो.

त्यानं माझ्याकडे नाही, बादलीत पाहिलं.
"मान तुमालेच राहू द्या, बावाजी.
लोकं मले पाह्यतेत, अन् त्याईले तलावच दिसते.
माया बरोबरीचे पोट्टे काल साकोलीले पिक्चरले गेले.
मले कोनी 'चाल' नाई म्हनलं.
माया समोर ते हासतबी नाईत, जी."
मग पळी उचलून,
"रस्सा टाकू?"

मी पान पुढे सरकवलं.
भाजी चांगली होती. दोनदा घेतली.

निघताना तो खुर्च्या रचत होता,
एकात एक, मांडवाच्या खांबाशी.
गेलो, आणि चारचौघांत खेकसलो,
"काबे हंसऱ्या! केस काऊन वाढवले एवढे?
आरशात पाह्यतं का नाई कधी? अस्वल दिसतं!"
मांडव क्षणभर गप्प.
याच्याशी असं कुणी बोलत नाही आता.
तो दचकला. मग कानापर्यंत लाजला,
मान खाली घालून पुटपुटला,
"उद्या कापतो, जी."
मागून एक पोट्टा फिस्सकन् हसला,
आणि हंसराजनं त्याला खुर्ची फेकून मारल्यासारखं केलं.

माझं वय तेव्हा
पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं असावं.
असावं. खात्री नाही.
तारीखही तशी खात्रीची नाहीच.