चूकभूल

व्हार्ड्योला जानेवारीत दुपारी बाराला
निळं होतं फक्त, उजेड म्हणावा असं काही नाही.
तशा निळ्यात आस्लाउग आली
लोकरी टोपी हातात पिळत,
सोबत भाचा. परतताना गाडी त्याने चालवायची, ही अट.

वय चौऱ्याहत्तर. त्यातली चव्वेचाळीस वर्षं
कारखान्यात कॉड चिरण्यात गेली.
नवऱ्याची बोट आली नाही त्या रात्रीही, म्हणतात,
पाळी पुरी करून मगच रडली.
आणि इथे खुर्ची नुसती मागे झुकली
तर दातखीळ बसली.

औषध कडू. लाल बेरीच्या सरबतात ढवळून दिलं.
म्हणाली, कॉडच्या यकृताच्या तेलावर वाढलेल्या माणसाला
कडू काय सांगता.

बोटाला चिमटा लावला, यंत्र गप्प.
बर्फात मुरलेली बोटं ती,
निवृत्तीची ऊब त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.
हात दोन्ही हातांत धरून चोळला
तेव्हा कुठे आकडा उमटला: सत्त्याण्णव.

आधी सुटली मूठ.
मग खांदे. मग कपाळावरची आठी, जी मी
तिच्या चेहऱ्याचाच भाग समजत होते.
झोपली नाही. सांगितलं की तोंड उघडायची,
विचारलं की हं म्हणायची.
भीतीला जणू कुणी बाहेरच्या खोलीत बसवलं होतं
हातात जुनं मासिक देऊन.

हिरडीत सुई गेली आणि ती बोलू लागली
कापसाच्या बोळ्याआडून, जड जिभेने.
शाळा. बोटीने येणारा दंतवैद्य.
पायाने चालवायचं यंत्र; पाय दमला की
थांबायचं, दातातच.
छातीवर गुडघा.
दाराला आतून कडी.
"रांगेत माझ्यामागे ओड्नी. सहा वर्षांची.
बाहेर येऊन मी तिला म्हटलं,
काही दुखत नाही, जा."

तीनदा म्हणाली. काही दुखत नाही, जा.
डॉक्टर सिगवोरचा हात थांबला, मग चालू झाला.
मी म्हटलं, दार उघडं आहे, आस्लाउग.
होतंच उघडं. तरी उठून
आणखी थोडं उघडलं.

कागदावर मी लिहिते मात्रा, वेळ, नाडी,
दर पाच मिनिटांनी प्राणवायू.
बोललेल्याचा रकाना त्यात नसतो.

तासाभराने उठून बसली,
सुन्न ओठ चाचपत: "सुरू कधी करणार?"
झालं की, म्हटलं. दोन काढले, एक भरला.
हसली, अर्ध्याच तोंडाने.
मग कोटात हात घालता घालता, हळूच:
"मी काही बोलले का?"

या औषधाने मधला वेळ पुसला जातो
हे तिला आधीच सांगितलं होतं.
पुसलेलं कुणाकडे जातं, ते सांगायची पद्धत नाही.
"कॉडचा भाव," मी म्हटलं, "यंदा फार पडलाय म्हणालात."
"मग खरंच बोलले," ती म्हणाली.

पैसे भाच्याने भरले. ओड्नीचाच मुलगा.
"आई शेवटपर्यंत इकडे फिरकली नाही,"
तो सहज म्हणाला, कार्ड खिशात घालत.
पावती छापून येत होती. खाली हाताने लिहावंसं वाटलं,
जुन्या हिशेबांखाली लिहितात तसं,
चूकभूल द्यावी घ्यावी.

लिहिली ती पुढची तारीख.
खिडकीतून पाहिलं: तो बर्फ खरवडत होता काचेवरचा,
ती गाडीत बसून
आरशात स्वतःचं तोंड उघडून बघत होती.