बरणी क्रमांक २१२

तळघरातून बरण्या वर येतात लिफ्टने,
ट्रॉलीवर, एकमेकींना टेकून किणकिणत.
लिफ्टमध्ये कुणी असलंच तर मी म्हणते, नमुने आहेत.
लोक पुढच्याच मजल्यावर उतरतात.

सेगेडच्या या रुग्णालयात
रविवारी जिवंत माणसांची गर्दी कमी,
म्हणून रविवार जुन्या हृदयांचा.
साठ-सत्तर वर्षं फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली,
उकडलेल्या बटाट्याच्या रंगाची.
सगळी लहान मुलांची.

दोनशे बारा मी काल रात्रीच निथळत ठेवलं होतं.
पाणी गेलं की कप्प्यांत हवा शिरते
आणि हवेवर झडपा उमटतात;
एरवी मांस मांसात हरवून जातं.
लेबलवर विरलेली जांभळी शाई:
१९५८. मुलगी. चार महिने.
आडनाव आहे, नाव नाही.

नाव घेऊन माणूस आला.
अंब्रुश, वय चौऱ्याहत्तर, मधमाश्या पाळतो.
आम्ही पाठवलेलं पत्र छातीच्या खिशात,
पायांत पॉलिश केलेले, न रुळलेले बूट.
‘पिरोश्का,’ म्हणाला.
‘पेटीला मीही हात लावला होता. आठ वर्षांचा होतो.
हलकी होती.
आम्हांला वाटलं, सगळी आत आहे.’

यावर काय बोलायचं
हे मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.
मी त्याला काचेमागची खुर्ची दिली.

टेबल सरकलं,
आणि तेव्हा आठवलं, यंत्राचा आवाज बंद करायचा राहिला.
ध्वनिफितीतली बाई
रोज सगळ्यांना सांगते तसंच, तितक्याच गोडीनं म्हणाली:
श्वास आत घ्या.
धरून ठेवा.

ताटलीत अक्रोडाहून जरा मोठं हृदय.
काचेमागे अंब्रुशने श्वास धरला.
मीही.

मग पडद्यावर, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने,
ती उलगडत गेली.
जिथे दोन दारं हवीत, मधे भिंत हवी,
तिथे एकच रुंद दार,
पाच पाकळ्यांचं, एकही पुरी नाही;
त्यांतल्या दोन भगदाडावरून पलीकडे गेलेल्या,
कशाला तरी धरायला निघाल्यासारख्या.
कडांना बारीक गाठी.
चार महिने एकमेकींना गाठू पाहिल्याच्या.

डॉक्टर तिमेआ माउसने हृदय फिरवत राहिल्या.
त्यांना पाकळ्यांची उंची हवी, कोन हवेत,
कुठली दोरी कुठल्या स्नायूला बांधलीय ते हवं.
वर पाचव्या मजल्यावर बेनेडेक आहे, पाच महिन्यांचा,
त्याचं दारही असंच.
पण त्याचं हृदय मिनिटाला एकशे चाळीस धावतं,
चित्रात कडा पुसट होतात.
ही मात्र स्थिर.
कधीची स्थिर.

‘हे दार उघडत होतं?’ अंब्रुशने विचारलं.
‘उघडायचं,’ त्या म्हणाल्या. ‘मिटायचं नाही नीट.’

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला,
मग कुणी न विचारता म्हणाला,
‘दूध पिताना दमायची. आई सांगायची,
कपाळावर घाम यायचा, हिवाळ्यातसुद्धा.’
डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.
सहासष्ट वर्षांनी
पिरोश्काच्या केसपेपरवर पहिली तक्रार.

फॉर्म दोन होते: परत नेण्याचा, ठेवण्याचा.
त्याने दोन्ही घडी करून त्याच खिशात घातले.
‘अकेशियाचा बहर आटोपला की येतो,’ म्हणाला,
‘सध्या पोळ्यांवर काम फार आहे.’
दारात थांबून विचारलं, आईला ठाऊक होतं का.
मी म्हटलं, कागदांत तसं काही नाही.
खरं तर कागदच नाहीत.

संध्याकाळी मी हृदय परत बरणीत सोडलं.
ते आधी तरंगलं, मग आतली हवा
बुडबुड्यांनी निघून गेली, एकेक, सावकाश,
आणि ते तळाला टेकलं.
नवं लेबल लिहिलं. आडनाव, पुढे पिरोश्का.
काच पुसायची राहिली होती,
शाई जरा पसरली.
वाचता येतंय.