काट्याची वही

भाऊ गोथेनबर्गहून फोनवर म्हणाला,
घ्यायचाच तर सगळ्यात मोठा कॅमशाफ्ट घे,
तीनशेवीस अंशांचा,
लाजत लाजत काय शर्यतीला जायचं.

मी शर्यतीला जात नाही, टोर्ब्यॉन.
मी म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजायला जाते,
रोज नऊ वस्त्या, एकशेचाळीस किलोमीटर,
आणि अख्ख्या गावात सिग्नल एक.

त्या एका सिग्नलला तरी, तो म्हणाला,
तुझी जुनी व्होल्वो अशी थरथरली पाहिजे
की लोकांनी हातातली कॉफी खाली ठेवावी.

हिल्डिंगच्या वर्कशॉपात
तीन कॅमशाफ्ट तेलकट वर्तमानपत्रावर पडलेले,
बर्फाला भोक पाडून नुकतेच ओढलेल्या पाइक माशांसारखे.
त्याने विकायची घाई केली नाही.
एका उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाला,
सगळी अक्कल एवढीच आहे बघ:
दार कधी उघडायचं, किती उघडायचं,
आणि किती वेळ उघडं ठेवायचं.
मोठ्या कॅमवर क्षणभर दोन्ही दारं उघडी राहतात,
जाणारा धूर जाता जाता
येणाऱ्या हवेला हाताला धरून आत ओढतो.
सहा हजारांवर हे फार सुंदर.
हजारावर मात्र कोण येतंय, कोण जातंय
इंजिनाला कळेनासं होतं,
व्हॅक्यूम पुरत नाही, ब्रेकचं पेडल दगड होतं,
आणि नेमकं तेव्हाच रस्त्यात रेनडिअर उभं असतं.

मग लहान दे, मी म्हटलं.
ते तू नाही ठरवायचं, तो म्हणाला. मीही नाही.
आठवडाभर काटा लिहून आण.

लिहिला.
गोळ्यांच्या याद्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर, मोजे न काढता.
सोमवार. लाकडांच्या ट्रकमागे. बावीसशे, चाळीस मिनिटं.
मंगळवार. चढ, ताजा बर्फ. अठराशे.
बुधवार. इंजिन चालू ठेवून झोपले. नऊशे.
गुरुवार. विसरले.
शुक्रवार, रात्र. पाच हजार आठशे. अकरा सेकंद.

टेक्लाच्या डबीत शनिवारच्या गोळ्या
तशाच राहणार होत्या,
हे लिहिलं नाही.

हिल्डिंगने कागद दिव्याखाली धरले.
बावीसशेवर हं म्हणाला, नऊशेवर हसला.
अकरा सेकंदांवर त्याचा अंगठा थांबला,
काळा, नखाशी चिरलेला.
रस्ता सरळ होता? विचारलं त्याने.
सरळ, मी म्हटलं.
बरं.

मग त्याने तिन्ही मासे वर्तमानपत्रात गुंडाळले.
तू राहतेस तीन हजारांच्या खाली, म्हणाला,
तिथे घर भरलेलं पाहिजे.
पण वरचं दार मी खिळे ठोकून बंद नाही करणार.
भिंतीवर खडूने लिहिलं: दोनशे अडुसष्ट.
आणि सानेचा दगड चालू केला.

टोर्ब्यॉन म्हणाला, दोनशे अडुसष्ट? शिवणयंत्र!

फेब्रुवारी, बाहेर उणे चोवीस.
नवा कॅम, नवेच लिफ्टर,
जुना लिफ्टर नव्या उंचवट्याला खातो म्हणे.
काळं ग्रीस माझ्या कोपरांपर्यंत.
पहिली वीस मिनिटं दोन हजारांच्या खाली येऊ द्यायचं नाही,
याच वीस मिनिटांत ठरतं
लोखंडाचं लोखंडाशी पटणार की नाही.
हिल्डिंगने घड्याळ काढून बॅटरीवर ठेवलं.
त्या आवाजात आम्ही काहीच बोललो नाही.
तेराव्या मिनिटाला तो एकदाच माझ्या कानाशी ओरडला:
टेक्ला माझ्या शाळेत होती!

मग पाय उचलला मी.
काटा उतरत साडेआठशेवर आला,
जरासा अडखळला,
आणि राहिला.

त्या एका सिग्नलला
कुणीही कॉफी खाली ठेवली नाही.
एका कुत्र्याने मान वळवली.
भावाला हे अजून सांगितलेलं नाही.