शमसूभाई, आज म्हटली ना?

मोरीच्या उंबऱ्याशी अब्बा थांबतात.
उजवा पाय पुढे गेलेला असतो, तो मागे घेतात,
डावा टाकतात.
माझं नाव गेलं, कोकणीपुऱ्यातल्या घराचा नंबर गेला,
अम्मी गेली, हेही गेलं.
पाय मात्र चुकत नाही.

दुआंची सरमिसळ झालीय.
शिंक आली की झोपेची म्हणतात,
नवा सदरा चढवला की चंद्र दिसल्याची.
पहिल्यांदा मी दुरुस्त करायचे,
लहानपणी ते मला करायचे तसं,
चमच्यानं ताटावर टक्‌ करून.
आता नाही करत.
ज्याला ऐकायचंय त्याला कळत असेल
कुठली कुठे लावायची.

दाढी विंचरताना आरशातल्या म्हाताऱ्याला सलाम करतात
आणि वाट बघतात.
त्यानं उत्तर दिलं नाही तर वाईट दिसतं,
म्हणून मागून मीच म्हणते,
वालेकुम सलाम.

जेवण अर्ध्यावर आलं की हात थबकतो.
सुरुवातीला नाव घ्यायचं राहिलं
तर मध्येच म्हणायची एक दुआ असते:
आरंभीही त्याचंच नाव, शेवटीही.
विसरणाऱ्यांसाठीची ती,
आणि नेमकी तीच आठवत नाही.
मी म्हणते. मेथी गार होते.

एकतीस वर्षं एसटी चालवली. नाशिक–पेठ.
किल्ली फिरवण्याआधी ओठ हलायचे:
पाक आहे तो, ज्यानं हे आमच्या ताब्यात दिलं,
आमच्यात कुठली एवढी ताकद.
ओठ थांबले की मगच
पगारे कंडक्टर घंटी मारायचा, डबल.
सावळघाटात एकदा ब्रेक लागेना,
तेव्हा मागून ओरडला होता म्हणे,
शमसूभाई, आज म्हटली ना?

काल त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून
दूधबाजारापर्यंत निघाले, रिक्षा गाठायला.
गल्लीच्या तोंडाशी त्यांनी चप्पल फरशीवर दाबली.
खुर्ची हलेना.
ओठ हलले. सगळी म्हटली, एक शब्द न गाळता,
आणि तीच, जिथली तिथे.
मग मान वळवून माझ्याकडे बघत राहिले.
मागे कांद्याचा टेम्पो हॉर्न देत होता,
कुणीतरी म्हणालं, ताई, घ्या की पुढे.
मला कळायला वेळ लागला.

खुर्चीच्या दांडीवर
मी बांगडी वाजवली.
दोनदा.