कोणता अर्धा तास

कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतून
मी भुसावळात बर्फाचा सिनेमा बघायला बसते.
बाहेर शेहेचाळीस. पडद्यावर उणे बारा.
आणि त्या सगळ्यावरून आडवं माझंच नाव,
निलिमा भंगाळे, फक्त परीक्षणासाठी,
पुसट पांढरं,
कुणा विधवेच्या कपाळावरून, घोड्याच्या पाठीवरून
हळूहळू सरकत जाणारं.
चोरी होऊ नये म्हणून घालतात.
अशी मी कितीतरी देशांतून चालून आले,
तरी खालचा किराणावाला विचारतो,
ताई, तुमचं ऑफिस नेमकं कुठे?

शब्दाला दीड रुपया.
तोही बिल पाठवल्यावर नव्वद दिवसांनी,
दोनदा आठवण केल्यावर.
एक 'विलक्षण' खोडलं की दीड रुपया जातो.
तरी खोडते.

गोव्याला जाते तेव्हा डब्यात कळण्याच्या पुऱ्या,
आठ जणींच्या खोलीत वरचा पलंग,
दिवसाला पाच सिनेमे.
चौथ्यातला बाप दुसऱ्यातल्या मुलीला शोधत राहतो
माझ्या डोक्यात, रात्रभर.
हे मी लेखात लिहीत नाही.

अमळनेरचा महोत्सव मंगल कार्यालयात होता.
पडद्याच्या वर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच,
फक्त 'शु' पडलेला.
एकोणीस माणसं. त्यांतली चार खुर्च्या लावणारी.
तिथं हिलाल सोनवणेचा सिनेमा पाहिला,
अहिराणी, एक तास बेचाळीस मिनिटं.
आणि मी लिहिलं :
मधला अर्धा तास रेंगाळतो.
चार शब्द. सहा रुपये.

महिन्याभरानं तो सुरत पॅसेंजरनं आला,
शिंदखेड्याहून,
हातात पिशवी, दोंडाईच्याची किलोभर मिरची.
मला वाटलं, भांडेल.
भांडणाऱ्यांची मला सवय आहे,
त्यांना चहा देते नि ऐकून घेते.
हा चहा बशीत ओतून फुंकत राहिला.
मग म्हणाला,
ताई, तो अर्धा तास कोन्ता शे?

मी सांगितलं. विहिरीपाशी ती बाई बसते तिथपासून
मोटर सुरू होते तिथपर्यंत.
त्यानं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी.
खरं सांगू का, तो तीन तासना शे.
मी कापी कापी अर्धा करा.

रात्री पुन्हा लावला.
स्टार्टरच्या पेटीशी बाई. गुडघ्यांवर शाल.
गव्हाला पाणी द्यायचंय, थ्री फेज यायची आहे,
कधी ते कुणालाच माहीत नाही.
टिटवी ओरडते. बाई टॉर्च लावते, पेटीवर मारते, विझवते.
पुन्हा लावते.
तेवढ्यात आमच्याकडची लाइट गेली.
कूलरचा पंखा फिरत फिरत थांबला,
जंक्शनवरची एक मालगाडी मोकळी ऐकू आली.
लॅपटॉपमध्ये नऊ टक्के.
पडदा इतका काळा, की त्यात मीच दिसले,
गुडघे पोटाशी घेऊन बसलेली,
आणि माझ्या नाकावरून माझं नाव चाललेलं.
आम्ही दोघी वाट बघत राहिलो.
तिच्याकडे आधी आली.
पाइप फुगला, सरीत पाणी चालू लागलं,
आणि मला घोटाभर गार वाटलं.

वर्षअखेरच्या लेखात मी शब्द बदलला.
'रेंगाळतो' काढून 'थांबून राहतो' लिहिलं,
दीड रुपया जास्तीचा.
छापून आलं तेव्हा तो परिच्छेदच नव्हता.
त्या जागी सोन्याच्या दुकानाची जाहिरात,
घडणावळीवर सूट.

हिलालला फोन करून सगळं सांगितलं.
आणि खोटं बोलणं जमत नाही म्हणून हेही सांगितलं,
की अजून दहा मिनिटं कमी झाली तर बरं.
पलीकडे कुठलीशी मोटर चालू होती.
तो ओरडून म्हणाला,
कोन्ता दहा?
मी म्हटलं, थांब, बघून सांगते.